पुण्यातच?

इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाचे निकाल लागले की माझ्या सांगलीच्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न वेगवेगळ्या एसट्यांनी येतो. तासगावच्या, विट्याच्या, जतच्या, कवठेमहांकाळच्या. कधी मुलगा विचारतो, कधी त्याची आई. वडील बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत, चपला पायात सरकवता सरकवता विचारतात, "मॅडम, गावात राहून या कॉम्प्युटरच्या लाइनीत काही होतं का? का पुण्याला जायलाच पाहिजे?" जुलै २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीनं १२,००० च्या वर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, त्यानंतर थोडे दिवस प्रश्न उलटा झाला होता: "मॅडम, पुण्यात तरी काही होतं का?" मग पुन्हा मूळ पदावर आला.

हे मी किती जणांना तोंडी सांगणार, म्हणून एकाची गोष्ट लिहिते. त्याला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम देत नाही. घरात दोघं भाऊ, त्यातला हा धाकटा. आपणही त्याला धाकटाच म्हणू.

त्याला वडील घेऊन आले. "पोरगं खोलीतनं भाईर येत न्हाई. लग्नाला न्हाई, जत्रंला न्हाई. कंपनीचं काम घरातनंच असतंय म्हणतोय, पण जेवान तुटलंय." धाकटा पंचविशीचा. शिक्षण जिल्ह्यातल्याच कॉलेजात. मग पुण्यात ६०,००० रुपये भरून ‘फुल स्टॅक’चा, म्हणजे वेबसाइट पुढून-मागून पूर्ण बनवायला शिकण्याचा क्लास, कर्वेनगरला चौघांत एक खोली, चौदा महिने. नंतर गावी परत, ‘वर्क फ्रॉम होम’. थोरला हिंजवडीत, चांगल्या पगारावर.

वडील बाहेर जाऊन बसल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, खरं सांगा. इथं राहून काही होतं का?"

आणि मी चूक केली. उत्तर दिलं. तामिळनाडूत तेनकाशीजवळच्या एका लहान गावात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीनं २०११ पासून कार्यालय चालवलंय, हे सांगितलं. बारामतीच्या उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालू आहेत, हे सांगितलं. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, पैसे परीक्षा देणार असाल तरच भरायचे, हेही सांगितलं. शेवटी किर्लोस्करवाडी! माळावर कारखाना उभा राहिल्याची ती गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक मुलानं गॅदरिंगच्या भाषणांत दहा वेळा ऐकलेली असते. तो सगळं ऐकून म्हणाला, "हो मॅडम."

हे ‘हो मॅडम’ मला एकोणीस वर्षांच्या कामात चांगलंच ओळखीचं झालंय. दार लावून घेण्याचा हा आमच्याकडचा अदबशीर मार्ग आहे. पुढचे तीन आठवडे तो आला नाही.

आला तेव्हा मी माहितीचं पोतं बांधून ठेवलं होतं. म्हटलं, "उद्या सकाळी नऊ वाजता काय करशील?"

"लॉगिन."

"कुठं?"

तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसला. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. अशा वेळी बोलायचं नाही, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली.

"कुठंच नाही," तो म्हणाला. कंपनीच नव्हती. कधीच नव्हती. पुण्यात नोकरी लागली नाही, पैसे संपले, परत यायचं तर गावाला काय सांगायचं म्हणून त्यानं ‘वर्क फ्रॉम होम’ सांगितलं. गेलं दीड वर्ष तो रोज नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून खोलीचं दार लावत होता आणि सहाला उघडत होता. पगार कुठं जातो असं कुणी विचारलं तर ‘एसआयपीत’.

मला त्याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. बिनपगारी नोकरीत इतकी शिस्त! मी तसं म्हटलंही. तो पहिल्यांदा हसला.

"बरं, दार लावून नऊ तास करतोस काय?"

"अर्ज टाकतो. व्हिडिओ बघतो. कोडिंगचे सराव करतो." मग जरा थांबून, "आणि संध्याकाळी आमच्या शेडमधलं तसलं काहीतरी. ते काम नाही म्हणा."

‘तसलं.’ माणसं ज्या गोष्टीला सहज ‘तसलं’ म्हणून बाजूला सारतात, तिथं मी हमखास थांबते. विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं ते असं. त्यांची द्राक्षं बेदाण्याला जातात. माल शेडमधल्या जाळीवर टाकला की पंधराएक दिवस घरच्यांचा जीव आभाळात असतो. हवेत ओल वाढली, अवकाळी आला आणि बाजूचे पडदे वेळेवर सोडले नाहीत तर बेदाणा काळपट पडतो आणि भाव कोसळतो. त्यासाठी आबा, म्हणजे त्याचे वडील, रात्रीतून तीनदा उठायचे. धाकट्यानं शेडमध्ये ओल आणि तापमान मोजणारे लहान सेन्सर बसवले होते, त्याला एक स्वस्तातला बोर्ड आणि एक सिमकार्ड.

"ॲप केलंस का?"

"आबा ॲप बघत नाहीत. त्यांचा साधा फोन आहे. म्हणून मिस कॉल येतो. एक आला तर ओल वाढायला लागली, लागोपाठ दोन आले तर उठून पडदे सोडायचे."

"हे तुला क्लासात शिकवलं?"

"नाही. आबांना ओळखतो ना मी."

माझ्या मते त्याचं समुपदेशन या वाक्यापाशी निम्मं झालं. त्याला मात्र अजून काही दिसलं नव्हतं. त्याचं बघून आणखी तिघांनी आपल्या शेडला तसंच बसवून घेतलं होतं. पैसे? "कसे घ्यायचे मॅडम? सगळ्यांना वाटतंय मी पुण्याच्या कंपनीत आहे. कंपनीतला माणूस शेडला वायरी जोडायचे पैसे मागतो का?"

म्हणजे बघा. खोट्या नोकरीमुळं खऱ्या कामाचे पैसे घेता येत नव्हते. सहा वाजता ‘लॉगआउट’ केल्याशिवाय त्या कामाला हातही लावता येत नव्हता. मी त्याला हे सांगितलं नाही. फक्त त्याचंच वाक्य कागदावर लिहून त्याच्यासमोर सरकवलं. तो बराच वेळ वाचत राहिला. "हे लई येड्यासारखं आहे की, मॅडम," तो म्हणाला. इतका वेळ कॉलेजातलं मराठी बोलणारा मुलगा घरच्या बोलीवर आला, आणि मला हायसं वाटलं.

मी विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीत घडलेली. ती मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा भर ‘मस्ट’वर, म्हणजे माणूस स्वतःवर लादतो त्या सक्तीवर होता. आपल्या मराठीत तेवढ्यासाठी अख्खा शब्दही लागत नाही, एक अक्षर पुरतं: ‘च’. हा माझा स्वतःचा शोध आहे असं मी समजते, आणि कुणी आधी लावला असेल तर मला सांगू नये. पुढच्या बैठकीत धाकट्याला म्हटलं, तुला काय हवंय ते एका वाक्यात लिही. त्यानं लिहिलं: ‘मला पुण्यातच, आयटीतच, यंदाच नोकरी लागलीच पाहिजे.’

"आता एकेक ‘च’ खोडत जा. खोडताना दुखतं का, ते सांग."

‘लागलीच’चा च सहज गेला. ‘आयटीतच’चाही गेला, त्याचा मूळ ओढा वायरी आणि बोर्डांकडे होता, फुल स्टॅक हे पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं म्हणून निवडलेलं. ‘यंदाच’पाशी थोडा अडला. ‘पुण्यातच’पाशी पेन थांबलं ते थांबलंच.

"पुण्यात काय आहे?"

"कंपन्या."

"इथं सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत नाहीत?"

"आहेत. पण कुपवाडला असतो असं सांगितलं की लोक ‘बरं बरं’ म्हणतात. हिंजवडी म्हटलं की खुर्ची देतात. थोरल्याला देतात."

मग मान खाली घालून, "मला थोरल्यासारखंच व्हायला पाहिजे होतं." पाचवा च. कागदावर नसलेला. बाकीचे चार त्याच्याच पोटातून निघालेले होते. इतकी वर्षं या मुलांच्या तोंडून ‘करिअर’ हा शब्द ऐकून मी पगार, प्रगती, शिक्षण याबद्दल बोलत बसायची. धाकट्यानं मला शिकवलं की यातल्या निम्म्यांना पत्ता हवा असतो, लग्नपत्रिकेत आणि पाहुण्यांत सांगायला. पत्त्याच्या लाजेवर योजनांची माहिती हा उतारा नाही. म्हणून तर माझं पहिल्या दिवशीचं भाषण वाया गेलं.

‘थोरल्यासारखं होता आलं असतं तर आवडलं असतं, नाही झालो तरी मी माणसांतून उठलो नाही,’ हे वाक्य त्यानं स्वतः रचलं. त्याला दोन बैठका लागल्या. इथं ते एका ओळीत मावतंय एवढंच.

आबांना सांगायचं मात्र त्याला भयंकर वाटत होतं. सांगितल्यावर आबा काय म्हणाले, ते त्यानं पुढच्या वेळी आबांच्याच आवाजात ऐकवलं: "आरं, मला काय कळत न्हाई व्हय? दीड वर्षात एकदा बी पगार झाल्यासारखा वागला न्हाईस. थोरला पगार झाला की फोन करून आईला इचारतोय, काय पाठवू? तू कधी इचारलंस?" आणि मग म्हणे, "जेव आता."

आता सल्ल्याचं. या गोष्टीवरून कुणी ‘गावातच राहा’ असा अर्थ काढला तर मी पुन्हा तोच च बघेन. त्याच वर्षी जत भागातली एक मुलगी माझ्याकडे आली होती. डिप्लोमा कॉम्प्युटर, हुशार, हातात पुण्याच्या नोकरीचं पत्र. घरचे म्हणत होते, आता सगळं ऑनलाइन होतंय, इथूनच कर, बाहेर कशाला? वर्तमानपत्रातली खेड्यातल्या स्टार्टअपची कात्रणं वडिलांनी जपून ठेवलेली. तिच्यासाठी ‘गावात राहूनही होतं’ हे वाक्य म्हणजे दाराला लावलेली कडी होती. तिथं मी तीन बैठका वडिलांबरोबर घेतल्या आणि ती गेली. मुलींच्या बाबतीत माझं मत उघड आहे: जायची संधी आली असेल तर आधी जाऊन बघू द्या.

किर्लोस्करवाडीच्या गोष्टीतही आपण सोयीचा भाग सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून मुंबईला गेले होते. चित्रकला शिकायला. रंगांधळेपणामुळं ती सुटली, मग यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, तिथल्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथं सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळं पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर वाडी वसली ती त्यानंतर. ते परत आले तेव्हा बेळगावातही कुणीतरी ‘आला का परत?’ म्हटलंच असेल.

मुलांना मी आता सांगते की आपल्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत कोणकोणती यंत्रं चालतात आणि ती बिघडली तर दुरुस्तीला माणूस कुठून येतो, एवढं आठवडाभर फिरून लिहून आणा. साखर कारखाना, शीतगृह, दूध संकलन, एमआयडीसीतली संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं, मिरजेतल्या इतक्या सगळ्या दवाखान्यांतली उपकरणं, शेतातले मोबाईल स्टार्टर. माणूस पुण्याहून किंवा मुंबईहून येत असेल आणि दोन दिवस वाट बघावी लागत असेल, तर त्या दोन दिवसांत कुणाची तरी भाकरी आहे. पदविका-पदवीवाल्यांनी शिकाऊ उमेदवारीची केंद्राची योजना जरूर बघावी. विद्यावेतन थोडं असतं, पण खऱ्या यंत्राला हात लागतो. ड्रोनचं विचारणारेही बरेच येतात. वय अठराच्या वर, दहावी पास आणि डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण, एवढ्यावर प्रमाणपत्र मिळतं. फी भरायच्या आधी मात्र आपल्या तालुक्यात फवारणी कोण करून घेणार, हंगामात किती एकर, त्या शेतकऱ्यांना भेटून या. आणि क्लासवाले नोकरीची हमी देत असतील तर मागच्या तुकडीतल्या पाच जणांचे नंबर मागा. नंबर देत नाहीत तिथं कर्ज काढून फी भरू नका. भरलेल्या फीची लाज घेऊन मुलं वर्षानुवर्षं दार लावून बसतात, हे मी बघितलंय.

आई-वडिलांना एकच विनंती. पाहुण्यांसमोर दोन भावांचे पगार शेजारी शेजारी मांडू नका.

धाकटा कुपवाडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागला. पगार थोरल्याच्या फ्लॅटच्या भाड्याएवढा, हे तोच हसत सांगतो. बेदाण्याच्या हंगामात संध्याकाळी शेडची कामं करतो, आता पैसे घेऊन. पहिल्यांदा पैसे मागताना त्याचा घसा कोरडा पडला होता म्हणे. गेल्या हंगामात त्याचं एक यंत्र ऐन पावसात बंद पडलं, एका शेतकऱ्याचा माल डागला, त्याला पैसे परत द्यावे लागले. तेव्हा एका बैठकीसाठी आला होता.

परवा पुन्हा फोन आला. पुण्यातल्या एका ऑटोमेशन कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय, कुपवाडच्या कामावरून. "काय करू मॅडम?"

"तुला जायचंच आहे का?" मी विचारलं.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "च काढून विचारा की, मॅडम."