एफडी मोडून लिनक्स सिक्युरिटीचा क्लास लावू का?

तुम्ही लिहिलंय, वय २७, सांगलीत एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळता, हातात ३४ हजार येतात, घरखर्च २२ हजार. १ लाख ६० हजारांची एफडी हीच शिल्लक. पुण्यातला शनिवार-रविवारचा लिनक्स सिक्युरिटीचा, म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरक्षित ठेवायला शिकवणारा, क्लास दीड लाख मागतोय. एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं?

दोन्ही नको. शिका मात्र नक्की.

ती एफडी म्हणजे तुमच्या घराचा सात महिन्यांचा खर्च आहे. उद्या नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर दुसरा आधार नाही. लोन १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण ७,२००, व्याज जवळपास २३ हजार. दर आठवड्याचं पुण्याचं जाणं-येणं तर तुम्ही धरलेलंच नाही.

या विद्येचं बहुतेक साहित्य फुकट आहे, हे क्लासवाले सांगणार नाहीत. जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा दुसरा आभासी संगणक, करून त्यात अल्मालिनक्स हे फुकट मिळणारं लिनक्स टाका. सीआयएस बेंचमार्क, म्हणजे सिस्टीम सुरक्षित करायच्या नियमांची यादी, तिची पीडीएफ विनामूल्य मिळते. त्यातला एकेक मुद्दा स्वतः करून बघा. एसएसएचमधून (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) रूट, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं, लॉगिन बंद करा, पासवर्डऐवजी की (डिजिटल किल्ली) वापरा, नको त्या सर्व्हिस काढा, फायरवॉल लावा. एसईलिनक्स, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं ते ठरवणारं लिनक्समधलं सुरक्षाकवच, अडवतं म्हणून बंद करून टाकायची सवय अनेकांना असते. तुम्ही ते चालू ठेवून लॉग (सिस्टीमच्या नोंदी) वाचायला शिका, खरं शिक्षण तिथंच होतं. हे बदल करण्याआधी आणि नंतर लायनिस हे सुरक्षा तपासून गुण देणारं साधन चालवून गुण वहीत लिहा. कारखान्याच्या सर्व्हरवर मात्र लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.

साहेबांशीही बोला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्यासारखी घटना त्यांना सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. सेंटओएस ७ या सर्व्हरवरच्या जुन्या लिनक्सचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. तुमच्याकडे ते अजून चालत असेल तर तुमच्या शिकण्याचा निम्मा खर्च कंपनीने का द्यावा, हे वेगळं पटवावं लागणार नाही.

दरमहा उरणाऱ्या १२ हजारांतले ८ हजार आरडीत टाका. चार महिन्यांत ३२ हजार जमतील. त्यातून आरएचसीएसए या रेड हॅट कंपनीच्या लिनक्स परीक्षेची फी भरा. ती परीक्षा मशीनवर काम करूनच द्यावी लागते, म्हणून तिला मान आहे. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. या चार महिन्यांत वही भरत गेली आणि तरीही कुठे अडलात, तर नेमकं कुठे ते लिहून मला कळवा. क्लासचा विचार तेव्हा पुन्हा करू.