तिकिटावर साडेपाच तास, प्रवास पंधरा तासांचा

प्रश्न : मुलाकडे न्यूयॉर्कला पहिल्यांदाच निघालो आहोत. तिकिटावर मुंबईहून १२ जूनला रात्री २ ला सुटून १२ जूनलाच सकाळी ७.३० ला पोहोचतं असं छापलंय. येताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई. जाताना साडेपाच तास, येताना चोवीस? मुळात अंतर किती?
– एक वाचक, अंबड (जि. जालना)

उत्तर : तिकिटावर सुटायची वेळ निघायच्या गावची आणि पोहोचायची वेळ उतरायच्या गावची, अशी ज्या-त्या गावच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले सकाळी ७.३० म्हणजे आपले संध्याकाळचे ५. रात्री २ ते संध्याकाळी ५, झाले १५ तास. येताना तिथले दुपारी १२ म्हणजे आपले रात्रीचे ९.३०, तिथून दुसऱ्या दुपारपर्यंत साडेचौदा तास. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे येतात. त्या मधल्या काळात फरक साडेदहा तासांचा धरा.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५३० कि.मी. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ते मिळणार नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांत दोरा ताणून धरा. तो अरबस्तानावरून न जाता उत्तरेला चढतो, जवळजवळ ६५ अंश अक्षांशापर्यंत, आर्क्टिक वृत्ताच्या अलीकडे. तोच सर्वांत जवळचा मार्ग. ताशी ९०० कि.मी.ने भागलं तर १४ तास येतात, पण तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून तिथल्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठीची रांग, चढण, उतरण सगळं त्यात येतं. शिवाय त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीवर घेता येतात. हिवाळ्यात त्यांचा जोर ताशी २०० कि.मी.च्या वर जातो, तेव्हा जाण्या-येण्यात दोन तासांचाही फरक पडतो. आणि विमान दर वेळी दोऱ्याच्या रेषेवरून जाऊ शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा पडला.

एक गोष्ट मात्र आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा : १२ जूनची रात्री २ म्हणजे ११ तारखेच्या रात्रीचं जेवण झाल्यावरची वेळ. विमानतळावर ११ लाच रात्री १०-१०.३० पर्यंत पोचायचं आहे. १२ च्या संध्याकाळी सामान बांधून निघणाऱ्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

प्रश्न : संभाजीनगर–मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं तर चालेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : चालेल, पण आमचा सल्ला एकाच तिकिटाचा. चिकलठाण्याहून (संभाजीनगरच्या विमानतळावरून) मुंबई जेमतेम २८० कि.मी., साधारण तासाभराचं उड्डाण. ते रद्द झालं किंवा लांबलं आणि पुढचं चुकलं, तर वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. एकाच तिकिटावर असाल तर पुढची सोय लावणं कंपनीचं काम. वेगळंच काढायचं असेल तर मध्ये निदान सहा तास ठेवा. मुंबईत बॅगा स्वतः घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतात आणि आंतरराष्ट्रीय काउंटर सहसा सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो. उतरलात टर्मिनल १ ला, तर आंतरराष्ट्रीय विमानांच्या टर्मिनल २ पर्यंत रस्त्याने जावं लागतं. अंधेरी-सांताक्रूझच्या गर्दीत त्यालाही वेळ धरा.