गाळायचेच तर राजे गाळ

प्रिय पोरी,
सलाम.

घराण्याचा तक्ता मिळाला. खापरपणजोबांचं गाव, आडनाव, बाप्तिस्म्याचं साल, सगळं टापटिपीने लिहिलंयस. शेजारची खापरपणजीची चौकट मात्र कोरी. दुष्काळातली पोर, आईबापांचा पत्ता नाही, सोयरिकीला बसलं की लोक खोदून विचारतात. म्हणून काका म्हणाले, राहू दे. आणि तू मला विचारतेस, राहू देऊ का?

नाही. नाव गाळू नकोस.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ, रविवारच्या शाळेत पाठ म्हणून बक्षीस घेतलंस ना? मग जरा वाच तरी. चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे. तो आकडा जुळवताना मत्तयानेही नावं गाळलीत. कुणाची? योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश, अमस्या. तिघेही गादीवरचे राजे! आणि ठेवलं कुणाला? सासऱ्यापासून जुळी झालेल्या तामारेला. यरीहोच्या वेश्येला, राहाबेला. मवाबी रूथीला. मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असं बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात बजावलंय, आणि ही बाई दावीद राजाची पणजी. बथशेबेच्या जागी तर ‘उरीयाची बायको’ असं लिहून मत्तयाने दुसऱ्याची बायको घेतल्याचं दावीदाचं पापच यादीत बसवलं. एवढ्या मोठ्या राजाची भीड ठेवली नाही, आणि आपण चुलत्यांची ठेवायची?

काका एज्राचा दुसरा अध्याय काढतील. बाबेलहून परतलेल्या काही याजकांना वंशावळीच्या यादीत आपली नोंद सापडली नाही, म्हणून त्यांचं याजकपण गेलं. खरं आहे. मग तू इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय काढ. येशूला याजक ठरवताना तिथे लेवीचं, म्हणजे याजकांचं, घराणं पुढे केलेलं नाही. अब्राहामाच्या काळचा याजक मलकीसदेक पुढे केलाय, ज्याचे आईबाप, वंशावळ काहीच सांगितलेलं नाही!

पंडिता रमाबाईंनी 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, 1900 मध्ये गुजरातेतून. त्यांना कुणी घराणं विचारलं असतं तर? अशा पोरींच्या पोटी आपल्यातली किती घरं वाढली, आणि त्याच घरांत आज तक्ते काढताना चौकटी कोऱ्या सोडतात. डोकं फिरतं माझं.

माझ्या धाकटीच्या वेळी मुलाकडच्यांनी विचारलं, “मूळचे कोण?” मी उत्तर दिलं नाही. सोयरीक मोडली. बायको कित्येक महिने धड बोलली नाही. लोक अजून म्हणतात, याने हट्टापायी लेकीचं नुकसान केलं. हट्ट होताच. पण बाप्तिस्म्यानंतर इतक्या पिढ्यांनीही जातच विचारायची, तर पूर्वजांनी घरदार सोडलं कशाला? आणि धाकटीचं काही बिघडलं नाही. तिला विचारूनच लिहितोय. “हो बाबा,” म्हणाली. आता कशा सुरात म्हणाली ते सोड.

तुझी ओढाताण कळते, बाळ. लग्न तुझं व्हायचंय, माझं नाही. तरी नाव गाळू नकोस. जुन्या पाळकांच्या नोंदवह्या मागून बघ, साल मिळालं तर घाल. पुढे ‘आईवडील अज्ञात’ असं स्वच्छ लिही, खापरपणजोबांच्या नावाएवढ्याच अक्षरांत. जागा पुरली नाही तर ते मामलेदार कचेरीतले पणजोबा आणि त्यांचं पदक जरा आटोपतं घे. काका चिडले तर माझं नाव सांग.

तुझा,
आजोबा