कृषी सल्ला: उसाची ट्रॉली उतारावरून आणताना

प्रश्न (पन्हाळा तालुका): ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे. दोन ट्रॉल्या भरून उतारावर आलो की मागून ढकलल्यासारखं होतं. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर आडवा व्हायला बघतो. डीलर म्हणतो जास्त एचपीचा घ्या, नाहीतर मागच्या चाकांत पाणी भरा. काय करावं?

उत्तर: नवा ट्रॅक्टर घेऊ नका. एचपी ओढायला लागते, थांबवायला नाही. तुमच्या ट्रॅक्टरचं वजन साधारण २ टन, ब्रेक फक्त त्याच्या मागच्या दोन चाकांना, आणि मागं १५-२० टन ऊस. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतील तर एवढा सगळा भार ती दोन चाकं रोखणार. ती घसरली की दांडीपाशी जोड मुडपतो आणि ट्रॅक्टर आडवा होतो. मोठा ट्रॅक्टर घेतला तर हे थांबत नाही, उलट 'ओढतोय की' म्हणून आणखी दोन टन भरले जातात. पाणी भरल्यानं टायरची पकड थोडी वाढते, पण ट्रॉलीला ब्रेक येत नाही.

गिअर उताराच्या आधी टाका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरा आणि उतार संपेपर्यंत क्लचला पाय लावू नका. अर्ध्या उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिननं धरलेली गाडी सुटते, आणि वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. वाघबीळचा उतार असो नाहीतर गगनबावड्याचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. चार रुपयांच्या डिझेलसाठी दोन जिवांशी खेळ आहे हा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, आणि भरल्या ट्रॉल्यांना ते आणखी जास्त लागतं. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. थोडा दाबा, सोडा, परत दाबा. पण गिअर आधी.

माझा आग्रह एकच: उताराच्या तोंडाला मागची ट्रॉली सोडा, चाकांना दगड लावा आणि एकेक ट्रॉली खाली न्या. चढाला हे सगळेच करतात, उताराला कुणी करत नाही. 'कारखान्यावर नंबर मागं पडतो' असं ड्रायव्हर सांगतील. पडू दे.

दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या मागं जास्त रचू नका. दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक लागूनही टायर घसरतो. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर उतारावर तो लावूनच उतरा, बहुतेक ट्रॅक्टरांत त्यामुळं पुढची चाकंही धरतात.

प्रश्न (कागल): ब्रेक मारला की ट्रॅक्टर डावीकडं ओढतो. मेकॅनिक म्हणाला, ऑइल ब्रेक आहे, काळजी नको, जाड तेल ओतू.

उत्तर: ओतू देऊ नका. ऑइल ब्रेकच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात, त्याला कंपनीनं सांगितलेलंच तेल लागतं, दुसरं घातलं की ब्रेक थरथरतो आणि प्लेटा खराब होतात. स्वस्त तेल डीलरनं दिलं तरी नको. आधी डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकची दोन्ही पेडल सारखी दाबली जातात का बघा, फरक असेल तर पुस्तकातल्या मापानं समायोजन करून घ्या. आणि शेतातून डांबरी रस्त्यावर आलात की दोन्ही पेडलांचा लॉक लावा. नांगरताना वळायला सोडलेला लॉक तसाच राहतो, घाईत पाय एकाच पेडलवर पडतो आणि भरली ट्रॉली ट्रॅक्टरला फिरवते. बरेच अपघात इथंच होतात.

प्रश्न (भुदरगड): नवी ट्रॉली बनवतोय. ब्रेक आत्ताच बसवावा का? अनुदान मिळतं का?

उत्तर: आत्ताच. 'नंतर बसवू' म्हणणाऱ्या वर्कशॉपला उरलेले पैसे देऊ नका. ट्रॅक्टरच्या पेडलवरून चालणारा ब्रेक हवा, नुसता उभं करायचा हँडब्रेक नको. यंत्रांच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर होतात, तुमची ट्रॉली त्यात बसते का ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका. 'पावतीवर नंतरची तारीख टाकतो' असं डीलर म्हणाला, तरी नाही.