कव्हरवरच्या बाईचे हात

प्रिय मुली,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: 'कव्हरवरच्या बाईंच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या काढायला सांगितल्यात, काढू का?' उत्तर मात्र लांबणार. मासिकांच्या कव्हरवरच्या फोटोंतून अशा सुरकुत्या मी बरीच वर्षं निमूटपणे पुसून टाकल्या आणि नंतर त्याच कारणावरून लोकांशी भांडलेही.

आधी एक कर. ऑफिसात जुन्या अंकांचे गठ्ठे असतील, त्यातली वीस-पंचवीस कव्हरं जमिनीवर पसर आणि प्रत्येक चेहऱ्यावर कागदाचा तुकडा ठेव. चेहरा झाकला की उरलेली बाई दिसायला लागते. तिचे हात बघ. बोटं गालाला, गळ्याला, केसांच्या बटेला नुसती टेकलेली असतील. काही घट्ट धरलंय, उचललंय, ओढलंय असं क्वचितच सापडेल. मान कलती, एक गुडघा जरासा दुमडलेला, सगळा भार एका पायावर. आता तू तशी उभी राहा (खरंच राहा, कुणी बघत नाही) आणि शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी खांद्याला हलकासा धक्का द्यायला सांग. तोल जातो की नाही?

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात जाहिरातींतली शेकडो छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून हेच दाखवलं होतं. पुरुषाची बोटं वस्तू पकडतात, बाईची तिला हळुवार शिवतात. तिची मान झुकते, नजर चौकटीबाहेर कुठेतरी हरवते. माझ्या मते बाईपणाचा साचा आधी इथे, उभं राहण्यात असतो. कातडी गुळगुळीत करणं ही त्यावरची शेवटची इस्त्री. तू सुरकुत्यांवरून अस्वस्थ झालीस ते ठीकच, पण त्या बाईला खुर्चीच्या काठावर तसं अवघडून बसवलं कुणी, हे विचारलंस का?

सगळा दोष कॉम्प्युटरवर ढकलू नकोस. फोटोशॉप बाजारात आलं 1990 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी 'टीव्ही गाइड' या अमेरिकी साप्ताहिकाने कव्हरवर ओप्रा विन्फ्रीचा चेहरा ॲन-मार्ग्रेट या अभिनेत्रीच्या देहावर बसवला होता, तोही हाताने काढलेल्या चित्रात आणि दोघींनाही न विचारता. हौस आधीपासूनच होती, हत्यार नंतर आलं.

मथळेही वाच. 2009 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'सेल्फ' मासिकाने स्वतःच्या शरीराबद्दलच्या आत्मविश्वासावर अंक काढला आणि कव्हरवरच्या केली क्लार्कसन या गायिकेला फोटोत बारीक केलं. बोंबाबोंब झाली तेव्हा संपादिकेने त्याचं समर्थनच केलं. मला त्यात लबाडीपेक्षा सवय जास्त दिसते. बाईला आधी धीर द्यायचा आणि त्याच पानावर तिच्यात काय कमी आहे तेही दाखवायचं, ही सवय. कव्हर उलटलं की आत क्रीमची पानभर जाहिरात असते, आणि अंकाचा खर्च बऱ्याच अंशी तीच भागवते. बाहेरची बाई आहे तशी छान दिसली तर आतली डबी कोण घेणार? अमेरिकी स्त्रीवादी ग्लोरिया स्टायनम यांच्या 'मिझ' मासिकाने 1990 मध्ये जाहिराती घेणंच बंद केलं, ते जाहिरातदारांच्या याच जाचाला कंटाळून. तुझ्या मासिकाला ते परवडणार नाही, हे मलाही कळतं.

आता माझी चूक सांगते. एका पोहणारीचं कव्हर होतं. अंक छापायला जायच्या आदल्या रात्री वरून निरोप आला, 'खांदे फार रुंद दिसतात.' मी फोटोशॉपमधला लिक्विफायचा, म्हणजे फोटोतला आकार ढकलून बदलायचा, ब्रश घेतला आणि दोन्ही बाजूंनी जरा जरा आत ढकललं. पाच मिनिटांचं काम. कुणाच्या लक्षातही आलं नाही. अंक आल्यावर ती स्वतः ऑफिसात आली, रागावलेली नव्हती. अंक टेबलावर ठेवून म्हणाली, 'ताई, या खांद्यांनी मला पाण्यात अर्धं अंतरसुद्धा जाता येणार नाही.' तिने अकरा वर्षं रोज पहाटे उठून कमावलेलं मी पाच मिनिटांत पुसलं होतं, आणि तेही ज्या कौतुकासाठी तिला कव्हरवर घेतलं त्याच कव्हरवर.

तेव्हापासून मी एक रीत पाळली. मूळ फोटो दुसऱ्या खिडकीत शेवटपर्यंत उघडा ठेवायचा. दोन आठवड्यांत जाणारी पुटकुळी, भिंतीवरचा डाग, उडालेला केस खुशाल काढ. जे तिच्याबरोबर घरी जाणार आहे, म्हणजे तीळ, व्रण, सुरकुती, खांदा, त्याला तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तिनेच 'काढा' म्हटलं तर काढ, तिथे तत्त्वज्ञान पाजळू नकोस. कायद्याची वाट बघत बसू नकोस. फ्रान्समध्ये 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा बारीक किंवा जाड केला तर फोटोवर तसं छापावं लागतं, पण डाग पुसले किंवा केस दाट केले तर नाही.

तेव्हा उद्या त्या बाईंना फोन कर. सुरकुत्यांचं विचारच, शिवाय त्या दिवसभर हातांनी काय काम करतात तेही विचार. शूटचे बाकीचे फोटो काढून बघ, दोन पोझच्या मधे, बेसावध असताना टिपलेला एखादा असतोच. तो संपादिकेच्या टेबलावर मूळ निवडीशेजारी ठेव, फार बोलू नकोस. संपादिका 'नको' म्हणाल्या तर नेमक्या कुठल्या शब्दांत म्हणाल्या ते मला लिही, आणि दोन्ही फोटो पाठव.

तुझी,
ताई