चाळिशीनंतर पुन्हा धावायला लागलोय. नागपुरात हौशी ट्रॅक मीट आहे, १५०० मीटरला उतरू का? की लोक म्हणतात तसं आधी रोडवर दहा किलोमीटर पक्कं करू?

उतरा. दहा किलोमीटर पक्कं व्हायची वाट बघाल तर पुढच्या हिवाळ्यातही हाच प्रश्न विचारत बसाल.

"आधी रोड, मग ट्रॅक" म्हणणारे एक आमच्याही घरी आहेत. माझ्या ताईचे मिस्टर. शोकेसमध्ये हाफ मॅरेथॉनची मेडलं लटकवलेली, रविवारी सकाळी फुटाळ्याला धावतात आणि मग तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहून बाकीच्यांना धावणं शिकवतात. मी कॉलेजात असताना ८०० मीटर धावायचे. मग लग्न, नोकरी, पोरं. मानकापूरच्या क्रीडा संकुलात हौशी लोकांची मीट आहे, वय-बिय कोणी विचारत नाही असं कळलं आणि मी १५०० ला नाव दिलं. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "घाण्याच्या बैलासारखं गोल गोल काय फिरायचं? पोरासोरांचं काम आहे ते. लोक हसतील ना!"

कोणी हसलं नाही. १५०० चा स्टार्ट पलीकडच्या सरळ बाजूच्या तोंडाशी असतो. आधी ३०० मीटर, मग पूर्ण तीन फेऱ्या. माझ्या शेजारी शाळेच्या टी-शर्टातली एक अनवाणी पोरगी, तिच्या पलीकडे पांढऱ्या केसांचे काका, टी-शर्टलासुद्धा कडक इस्त्री. पहिले ३०० उडत गेले, कारण पायांना सगळं आठवतं. छातीला आठवत नाही. पहिल्याच पूर्ण फेरीत तोंडात लोखंडाची चव आली. दुसऱ्या फेरीत ती पोरगी मागून आली आणि ओरडली, "काकू, तुम्ही आतूनच राहा, मी बाहेरून जाते!" मला अख्खी एक फेरी मागे टाकून पुढे निघाली तरी पोरीची रीत बघा. शेवटच्या फेरीची घंटा तिच्यासाठी वाजली होती. घंटावाले दादा मग पाणी प्यायला गेले, आणि मी येताना दिसल्यावर बाटली टाकून पळत आले, माझ्यासाठी परत वाजवायला. मागे फक्त इस्त्रीवाले काका होते.

रोडवर असं कोण करतं? वर्धा रोडवर पोटरी धरली तर ऑटो शोधत लंगडायचं. ट्रॅकवर आतल्या गवतावर बसा, पिशवी समोरच. कुत्रं मागे लागत नाही, आणि अंतरात लबाडी चालत नाही. पहिल्या लेनमध्ये फेरी ४०० ची, चौथीत जवळपास ४२२ ची, आठवीत ४५३ ची. घड्याळातल्या जीपीएसवर ट्रॅकवर भरवसा ठेवू नका, वळणावर ते स्वतःच्या मनाने मीटर कमी-जास्त करतं. भाऊजींचा पेस (किलोमीटरला किती मिनिटं) त्या घड्याळातूनच येतो, एवढंच सांगते.

आता तयारीचं. स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले शूज, घालू नका, जे शूज आहेत तेच बरे. आठवड्यातून एकच दिवस जोरात धावा: २०० चे काही तुकडे, मध्ये चालत परत. दम काही आठवड्यांत परत येतो, टाचेमागची शीर मात्र महिने घेते, आणि चाळिशीतले लोक नेमके त्या मधल्या काळात पाय मोडून घेतात. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच कडक वाटली तर त्या दिवशी जोर नाही. हळू जॉगिंग बाहेरच्या लेनमध्ये करा. पहिल्या लेनमध्ये गप्पा मारत चालणाऱ्यांना पोरं शिव्या देतात आणि बरोबरच देतात. रेसमध्ये पहिली फेरी लाज वाटेल इतकी हळू धरा. हे सगळं होळीच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, तेव्हा शूरपणा नको.

बाकी रोड वाईट आहे असं नाही. गुडघे ठीक असतील आणि लांब पळण्यातच मजा येत असेल तर पळा. पण परत सुरुवात करायला तासभर फरफटण्यापेक्षा आठ-दहा मिनिटं झोकून देणं कधीही बरं.

हो, एक राहिलंच. बीपी, शुगर असेल, घरात कोणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल किंवा चढ चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. भाऊजींनाही हेच सांगितलं होतं. टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती टेस्ट, करून आले, रिपोर्ट एकदम नॉर्मल. तेव्हापासून ४०० ला उतरा म्हटलं की त्यांचा गुडघा दुखतो.