पाच दशके आणि चौदा अव्वल गाणी

प्रश्न : ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्ड यांची गाणी तेथील चार्टवर (खपानुसार लावलेल्या साप्ताहिक क्रमवारीत) सलग पाच दशकांत पहिल्या क्रमांकावर होती, असे वाचले. हा गायक चाळीस वर्षे लोकप्रियतेच्या शिखरावर होता, असा त्याचा अर्थ घ्यावा का?

उत्तर : विक्रम खरा आहे, परंतु आपण म्हणता तो अर्थ त्यातून निघत नाही. रिचर्ड यांची एकूण १४ सिंगल्स (एकेका गाण्यासाठी काढलेल्या तबकड्या) ब्रिटनच्या चार्टवर अव्वल ठरली. त्यांपैकी २ पन्नासच्या दशकातली, तब्बल ७ साठच्या, १ सत्तरच्या आणि ऐंशी व नव्वदच्या दशकांतली प्रत्येकी २ आहेत. म्हणजे निम्मा ऐवज एकाच दशकातला आहे. वर्षे तपासली की आणखी एक गंमत ध्यानात येते. पन्नासच्या दशकातली दोन्ही गाणी १९५९ सालची आहेत आणि सत्तरच्या दशकातले एकुलते एक गाणे १९७९च्या ऑगस्टमध्ये वर पोहोचले. ही तीन गाणी आठ-नऊ महिने उशिरा बाजारात आली असती, तर आवाज तोच आणि खपही तोच राहून पाच दशकांची तीनच दशके उरली असती आणि ‘सलग’ हा शब्दही गळून पडला असता.

मात्र एवढ्यावरून हे यश योगायोगाचे ठरवणे अन्यायाचे होईल. मला त्यात खरी मोलाची वाटते ती प्रत्येक वेळी वर जाण्याची वेगळी वाट. १९५८ साली आलेली ‘मूव्ह इट’ ही त्यांची पहिली तबकडी रॉक अँड रोलची होती. इयन सॅमवेल यांनी ते गाणे बसमधून जाताना लिहिले आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी ते राखून ठेवले होते. दूरचित्रवाणीचे निर्माते जॅक गुड यांनी आग्रह धरल्यामुळे ते पुढे आले आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढच्याच वर्षीच्या ‘लिव्हिंग डॉल’ची कथा उलट आहे. लायनेल बार्ट यांचे हे गाणे एका चित्रपटासाठी जलद लयीत बसवले होते आणि रिचर्ड यांना ते मुळीच आवडले नव्हते. साथीदार ब्रूस वेल्च यांनी गिटारवर तेच गाणे संथ, अमेरिकी ग्रामीण ‘कंट्री’ संगीताच्या ढंगात वाजवून दाखवले आणि तबकडीसाठी तीच लय ठरली. ते सहा आठवडे अव्वल राहिले. बंडखोर रॉक गायकाचा घराघरांत चालणारा गायक झाला तो येथे, आणि पुढच्या चार दशकांची शिदोरी त्याच वळणावर बांधली गेली, असे माझे मत आहे.

१९६८च्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत ‘काँग्रॅच्युलेशन्स’चे पहिले स्थान केवळ एका गुणाने हुकले, तरी ते ब्रिटनमध्ये अव्वल ठरले. त्यानंतर अकरा वर्षे पहिला क्रमांक त्यांच्या वाट्याला आला नाही. १९७६ साली वेल्च यांनीच निर्माता म्हणून त्यांच्याकडून नव्या घाटाचा अल्बम करून घेतला आणि त्यातले ‘डेव्हिल वुमन’ अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. (अमेरिकेत त्यांचे एकही गाणे कधी पहिले आले नाही, हे ‘जागतिक सम्राट’ वगैरे लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) या उभारीची परिणती १९७९च्या ‘वी डोन्ट टॉक एनिमोअर’मध्ये झाली.

प्रश्न : अव्वल क्रमांक नेमका कशावरून ठरत असे? १९५९चा आणि १९९९चा पहिला क्रमांक सारखाच मानावा का?

उत्तर : सारखा मानू नये. ब्रिटनमधला पहिला चार्ट ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने नोव्हेंबर १९५२मध्ये छापला. काही दुकानांना दूरध्वनी करायचा, कोणत्या तबकड्या अधिक खपल्या ते विचारायचे आणि त्यावरून १२ स्थानांची यादी लावायची, इतका तो साधा मामला होता. पुढे अनेक नियतकालिके आपापल्या याद्या छापू लागली आणि त्या एकमेकींशी जुळतच असत असे नाही. बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ काही याद्यांत पहिले होते; पण आज अधिकृत मानल्या जाणाऱ्या यादीत ते दुसरेच राहिले. सर्वांना मान्य असा एकच चार्ट १९६९ साली सुरू झाला.

शिवाय चार्ट एकूण खप सांगत नाही, त्या आठवड्यात इतरांच्या तुलनेत कोण पुढे होते एवढेच सांगतो. म्हणून आठवडा कोणता, याला महत्त्व येते. नाताळात ब्रिटनमध्ये एरवी दुकानाकडे न फिरकणारी माणसेही त्या काळी भेट म्हणून रेकॉर्ड विकत घेत आणि रिचर्ड यांनी उत्तरकाळात हा हंगाम नेमका हेरला. १९८८चे ‘मिसलटो अँड वाइन’ चार आठवडे अव्वल राहून त्या वर्षी सर्वाधिक खपलेले सिंगल ठरले. १९९०चे ‘सेव्हियर्स डे’ही नाताळातलेच. १९८६ साली विनोदी नटांच्या चमूबरोबर मदतनिधीसाठी गायलेले ‘लिव्हिंग डॉल’ मात्र मार्चमध्ये वर गेले. एकच गाणे सत्तावीस वर्षांच्या अंतराने त्याच गायकाच्या आवाजात पुन्हा अव्वल ठरल्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

१९९९च्या ‘मिलेनियम प्रेअर’ची गोष्ट तर स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द एका जुन्या स्कॉटिश लोकगीताच्या चालीवर बसवलेली ही रेकॉर्ड काढण्यास त्यांच्या नेहमीच्या कंपनीने, ईएमआयने, नकार दिला. ती एका छोट्या कंपनीकडून आली. अनेक रेडिओ केंद्रांनी ती वाजवणे टाळले आणि समीक्षकांनी तर यथेच्छ टिंगल केली. तरीही ती तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, कारण तिचा ग्राहक रेडिओच्या शिफारशीची वाट पाहणारा नव्हता. गाणे म्हणून मला ते सुमार वाटते, पण चार्टचा अभ्यास करणाऱ्याने त्याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रश्न : त्यांचा जन्म भारतातला, हे खरे का?

उत्तर : होय. हॅरी रॉजर वेब हे त्यांचे मूळ नाव. जन्म १४ ऑक्टोबर १९४०, लखनौ. १९४८ साली वेब कुटुंब इंग्लंडला गेले.

प्रश्न : २००० नंतर काय झाले?

उत्तर : पहिला क्रमांक पुन्हा मिळाला नाही. २००६च्या नाताळात त्यांचे सिंगल दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बमच्या यादीत मात्र त्यांची गादी शाबूत राहिली : १९५९ साली ‘क्लिफ’ हा पहिला अल्बम चौथा आला होता आणि २०२० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आलेला अल्बम तिसरा आला. त्यामुळे सलग आठ दशकांत पहिल्या पाचांत अल्बम असलेले ते ब्रिटनच्या चार्टवरचे पहिले कलावंत ठरले. याही विक्रमाची सुरुवात १९५९ सालचीच आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या नजरेतून सुटले नसेलच.